पोस्ट म्हणजे नोटीस नव्हे

(एकट्या स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे 'शासन, समाजमाध्यमं आणि लोकसहभाग'. सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारलं, की आपण एकट्या बायकांच्या शिबिराला आलोय, त्यात हे फेसबुक-ट्विटर कुठून आलं? पोटगीवर बोला, रेशनकार्डावर बोला. मी पोटगीवरच बोलणार आहे. फक्त ती वाट आता फोनमधून जाते, म्हणून फोनपासून सुरुवात करावी लागते आहे.

१८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्याच्या महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी एक्सवर, म्हणजे आपण अजून ज्याला ट्विटरच म्हणतो त्याच्यावर, एक निवेदन टाकलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतल्या सगळ्या लाभार्थी बायकांनी दोन महिन्यांच्या आत योजनेच्या संकेतस्थळावर जाऊन ई-केवायसी करायची. ई-केवायसी म्हणजे, तुम्ही तुम्हीच आहात हे आधार क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी यांच्या साहाय्याने पटवून देणं. त्याच वर्षी जूनमध्ये सुमारे सव्वादोन कोटी बायकांना या योजनेचे पैसे मिळाले होते. एवढ्या बायकांना ठरावीक मुदतीत एक काम करायला सांगायचं, आणि ते झालं नाही तर महिन्याचे १५०० रुपये थांबणार. ही साधी बातमी नव्हे. जुन्या काळी शेतसारा वाढला तरी गावात दवंडी पिटली जायची. दवंडीवाला निदान आपल्या दारावरून जायचा.

आता तुम्ही म्हणाल, वर्तमानपत्रांत आलं, टीव्हीवर दाखवलं, अंगणवाडीच्या ताईंनीही सांगितलं. बरोबर आहे. पण क्रम बघा. मंत्री आधी एक्सवर लिहितात. ते वाहिन्या उचलतात. वाहिनीची पट्टी कुणीतरी फोनवर टिपतो आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. त्या ग्रुपमध्ये बायका किती? आमच्या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींचे ग्रुप मी मुद्दाम पाहिले आहेत. सरपंच बाई असली तरी तिच्या जागी तिच्या नवऱ्याचा नंबर असतो. मग तो संदेश कुणाच्या तरी पुतण्याच्या फोनवरून चुलतीच्या कानावर जातो, आणि तोवर त्याचं काय झालेलं असतं ते आपण सगळ्या जाणतो. एका वाडीत बातमी पोचली ती अशी, की बँकेत जाऊन पुन्हा अंगठा द्यायचा. दुसरीकडे अशी, की नवं खातं उघडायचं. एका ठिकाणी बायका उन्हात तीन तास रांगेत उभ्या राहिल्या, कशासाठी ते रांगेतल्या कुणालाच सांगता येईना. एका सेवा केंद्रवाल्याने बाईमागे शंभर रुपये घेतले. योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळं निघाल्याच्या बातम्याही त्याच दिवसांतल्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९ ते २१ ची पाचवी फेरी बघा. इंटरनेट आयुष्यात एकदा तरी वापरलंय असं सांगणाऱ्या बायका देशात १०० मध्ये ३३ होत्या, पुरुष ५७. स्वतः वापरतो असा मोबाइल असलेल्या बायका ५४. नंतरच्या वर्षांत हे आकडे वाढले असणार, मान्य. पण 'एकदा तरी वापरलंय' आणि 'मंत्र्यांची पोस्ट वाचते' यात किती अंतर आहे! आपल्या वस्तीतल्या किती बायकांचं एक्सवर खातं आहे, हात वर करून सांगा. (सभागृहातून एकही हात वर आला नाही. – सं.) बघा. आणि आपण तर कार्यकर्त्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मंत्र्यांची पोस्ट ही नोटीस नव्हे. नोटिशीला तारीख असते, आवक-जावक क्रमांक असतो, खाली सही असते, ती पोचल्याची पोच असते, आणि तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची ते लिहिलेलं असतं. यातलं काहीही नसताना 'आम्ही कळवलं होतं' असं शासनाने म्हणायचं, आणि 'तुम्हीच केलं नाही' असं बाईला ऐकवायचं, हे आपण चालू देता कामा नये.

आता त्या ई-केवायसीच्या आत काय होतं ते बघू, कारण खरा घाव तिथे होता. बाईने स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या फोनवर ओटीपी येणार. इथवर ठीक. त्यानंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, आणि त्यांच्या आधारला जोडलेल्या फोनवर येणारा ओटीपी भरायचा. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, हे तपासायला ते हवं होतं असं आपण धरून चालू. पण ज्यांनी ही पायरी आखली त्यांच्या डोळ्यांपुढे बाई होती ती एकाच तऱ्हेची. घरात नवरा आहे, तो बोलतो आहे, त्याचा फोन चालू आहे, आणि तो ओटीपी द्यायला राजी आहे.

योजनेचा २८ जून २०२४ चा मूळ शासननिर्णय काढून वाचा. पात्र कोण? विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार. 'परित्यक्ता' हा शब्द शासनाच्या कागदात आपसूक आलेला नाही. आपल्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी परिषदा घेतल्या, मोर्चे काढले, टाकलेल्या बाईची वेगळी मोजणी करा, तिला वेगळं रेशनकार्ड द्या म्हणून तहसील कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा तो शब्द आला. तो शासननिर्णयात राहिला आणि संकेतस्थळावर गळला. कागदावर पात्र असलेली बाई पडद्यावर अपात्र ठरली.

आमच्या भागात एक बाई आहे, चाळिशीची. नवऱ्याने टाकून सोळा वर्षं झाली. तो तालुक्याच्या गावी दुसरा संसार मांडून बसला आहे. हिचे वडील वारले. पोटगीचा दावा गेली अडीच वर्षं चालू आहे, पूर्वी कलम १२५ म्हणत तोच, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तो कलम १४४ खाली येतो. बाई शेतमजुरी करते. तिला ओटीपी हवा होता. तिने दिराच्या हाती निरोप धाडला. नवऱ्याचा उलट निरोप आला, ओटीपी देतो, कोर्टातलं प्रकरण काढून घे.

सहा आकड्यांचा ओटीपी त्याच्या फोनवर येणार, एवढ्याने तो पुन्हा तिच्या जगण्याचा मालक झाला. तिने दावा मागे घेतला नाही. पण दोन रात्री ती त्यावर विचार करत होती, हे तिनेच मला सांगितलं. दर महिन्याचे हक्काचे १५०० रुपये एका बाजूला, आणि मिळेल की नाही ठाऊक नसलेली पोटगी दुसऱ्या बाजूला. हिशेब करायला तिला कुणी शिकवायला नको.

बैठकीत तिने विचारलं, "ताई, हे सरकारला सांगायचं कुठे?" आजच्या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे. सरकारने तिला सांगितलं कुठे ते आपल्याला माहीत आहे. तिने सरकारला सांगायचं कुठे, त्याची जागा कोणती? मंत्र्यांच्या पोस्टींखाली मी हाच प्रश्न वाचला आहे. नवरा नाही, वडील नाहीत, आम्ही काय करायचं? त्यालगत कुणाचे तरी आभार, त्याखाली कुणाची तरी शिवी, त्याखाली वाढदिवसाच्या शुभेच्छा. तिथे विचारलेल्या प्रश्नाला क्रमांक मिळत नाही, आणि उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं.

नोव्हेंबरच्या मध्यावर, मुदत संपत आली तेव्हा, ३१ डिसेंबरपर्यंत मुदतवाढ मिळाली. वडील आणि पती दोघेही हयात नाहीत किंवा घटस्फोट झाला आहे अशा बायकांनी स्वतःपुरतं ई-केवायसी करावं, आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश यांची प्रत जमा करावी, अशी सोय झाली. वर्तमानपत्रांत ओरड झाली होती, ठिकठिकाणच्या सेविकांनी आणि संघटनांनी वरपर्यंत कळवलं होतं. सोय झाली, चांगलं झालं. पण टाकलेल्या बाईकडे कागद कोणता असतो? तिचा नवरा मेलेला नाही. तिचा घटस्फोट झालेला नाही. बहुतेकींच्या हाती न्यायालयाचा आदेशही नाही, कारण वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून ती न्यायालयात गेलीच नाही. टाकलं जाणं ही अशी घटना आहे की जिचा दाखला कुठलीच कचेरी देत नाही. विधवेचा प्रश्न बाहेर बोलून दाखवता येतो, पण परित्यक्ता पुष्कळदा बोलतच नाही, 'आमचे मुंबईला असतात' असं सांगून वेळ निभावते. ती पोस्टीखाली आपलं दुःख काय लिहिणार? जिथे गावातल्या पोराटोरांना वाचता येतं तिथे?

याच्या आधीचा जुलै २०२५ आठवा. सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं आढळलं, म्हणून जूनपासून त्यांचे पैसे तात्पुरते थांबवले, असं मंत्र्यांनी सांगितलं. तेही एक्सवरच. कारणं सांगितली ती अशी, की कुणी एकापेक्षा अधिक योजनांचा लाभ घेते, एका घरात दोनपेक्षा अधिक जणी आहेत, काही ठिकाणी पुरुषांनीच अर्ज केले. पुरुषांनी बाईच्या योजनेत घुसून पैसे लाटले असतील तर ते वसूल करावेत, आपलं काही म्हणणं नाही. पण या २६ लाखांत मी कोणत्या कारणाने आले, हे त्या एकेकीला कसं कळणार? आमच्या भागातल्या एकाही बाईच्या हातात मी लेखी कारण पाहिलेलं नाही. तिला कळलं ते बँकेच्या खिडकीवर. आणि गावभर एक शब्द मात्र पसरला, 'बोगस'. तो शब्द फोनवर फार वेगाने पळतो. एकीचा हप्ता थांबला, आणि शेजारीण तिला 'तू बोगस निघालीस म्हणे' असं म्हणाली. तिच्या नावे एकही आदेश नाही, पण निकाल लागून गेला.

(इथे एक जण विचारते आहे, की ही योजना निवडणुकीसाठीच होती, तर तिच्यासाठी आपण का भांडायचं? त्यावर वेगळं सत्र घ्यायला हवं. मी एवढंच म्हणेन, ज्या कारणासाठी दिले असतील त्यासाठी दिले असतील, बाईने त्या पैशांतून पोराची फी भरली आहे.)

आम्हाला एम.एस.डब्ल्यू.ला लोकसहभागाची शिडी शिकवली होती. शेरी अर्नस्टाईन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९६९ साली ती मांडली. आठ पायऱ्या. अगदी तळाशी लोकांना गुंडाळणं, वरच्या टोकाला निर्णय लोकांच्या हातात. माहिती देणं ही खालून तिसरी पायरी, सल्ला विचारणं चौथी. अर्नस्टाईनबाईंचं म्हणणं होतं, की माहिती वरून खाली एकाच दिशेने येत असेल तर त्याला सहभाग म्हणणं दिखाऊपणाचं आहे. फोन हातात आला म्हणून पायरी चढली असं होत नाही. उलट कधी कधी आपण तळाशी जातो आणि चित्र मात्र वरचं दिसतं.

चित्राचं म्हणते तर २०१५ आठवा. हरियाणातल्या बिबीपूर गावच्या सरपंचाने लेकीबरोबर सेल्फी काढण्याची स्पर्धा घेतली, पंतप्रधानांनी २८ जूनच्या 'मन की बात'मध्ये ती कल्पना उचलली, आणि देशभर बापलेकींचे फोटो फिरले. फोटो गोड होते. पण ज्या एका अभिनेत्रीने आणि एका कार्यकर्तीने समाजमाध्यमावर जाहीर टीका केली, त्यांना इतक्या घाणेरड्या शिव्या खाव्या लागल्या, की मुलींच्या सन्मानाची ही मोहीम आहे की काय असा प्रश्न पडावा. पुढे ८ मार्च २०२० ला पंतप्रधानांनी आपली खाती एक दिवस सात स्त्रियांच्या हाती दिली. त्यात महाराष्ट्रातली बंजारा हस्तकलेचं काम करणारी बाईही होती, आणि तिचं काम देशाला दिसलं याचा मला आनंदच झाला. त्याच मोहिमेत मणिपूरच्या लिसिप्रिया कांगुजम या आठ वर्षांच्या मुलीचा गौरव शासनाच्या खात्यावरून झाला. ती हवामानबदलावर बोलत असे. तिने नम्रपणे नकार कळवला. माझं म्हणणं ऐकणार नसाल तर माझा गौरव नको, असा त्याचा आशय. आठ वर्षांच्या पोरीला जे कळलं ते आपल्यातल्या काहींना सत्काराची शाल अंगावर पडली की कळेनासं होतं. असो.

सरकार ऐकतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सुषमा स्वराज २०१४ ते २०१९ परराष्ट्रमंत्री होत्या. परदेशात अडकलेल्या माणसांनी ट्विटरवर हाक घातली की त्या स्वतः उत्तर द्यायच्या, दूतावासाला कामाला लावायच्या. कित्येक माणसं त्यामुळे घरी आली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आखाती देशात घरकाम करणाऱ्या ज्या बाईचा पासपोर्ट आणि फोन दोन्ही मालकिणीने काढून घेतलेत, ती हाक कशी घालणार? मंत्र्याच्या भलेपणावर चालणारी गोष्ट मंत्र्याबरोबर जाते. बाईला हवी असते ती अशी व्यवस्था, की जिथे खुर्चीवर कुणीही बसलं तरी अर्जाला उत्तर द्यावंच लागेल.

आणि लोक बोलायला लागले की काय होतं? आपल्या पालघरचंच उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद होती. एका तरुण मुलीने फेसबुकवर बंदबद्दल प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने ते पसंत केलं. दोघींना अटक झाली. देशभर निषेध झाला, पुढे खटला बंद झाला. त्यातूनच एका विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवलं. कलम गेलं, पण लहान गावात पोरींच्या आया अजूनही म्हणतात, फोनवर काही लिहू नकोस बाई.

दुसरं उदाहरण २०२० चं. केंद्र सरकारने पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीचे नियम बदलायचं ठरवलं आणि मसुद्यावर लोकांची मतं मागवली. टाळेबंदीचे दिवस, मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत. ज्या आदिवासी बाईच्या शेताजवळ खाण होणार, तिने तो वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला मुदत वाढवून दिली आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करा असं सांगितलं. लोकांनी लाखोंनी पत्रं धाडली, बहुतेक ई-मेलने. मंत्र्यांना इतके ई-मेल आले म्हणून तक्रार झाली, आणि तरुण मुलामुलींच्या एका पर्यावरण गटाला दिल्ली पोलिसांची नोटीस गेली, तीही दहशतवादविरोधी कायद्याचं कलम लावून. नंतर ते चुकून झालं असं सांगून ती मागे घेतली. मतं मागवायची, आणि आली की पोलिसांत जायचं. आधी 'तुमचं मत कळवा' आणि मग हे!

या माध्यमाने लोकांचं चाललंही आहे, एकदा तर फार चांगलं चाललं. २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इंटरनेटबाबत मतं मागवली, लाखो लोकांनी लिहिलं, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने लोकांच्या बाजूने नियम केला. कंपन्यांना वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावता येणार नाहीत असा. तिथे ते का जमलं? मसुद्याची शंभरावर पानं होती, पण काही तरुणांनी ती वाचून सोप्या शब्दांत मांडली, उत्तराचा नमुना तयार केला, आणि शेवटची तारीख नेमकी होती. निर्णय कोण देणार तेही ठरलेलं होतं. उत्तर देणारे मात्र इंग्रजी येणारे, शहरातले. आपल्या बायकांसाठी हे काम कुणी करायचं? आपण.

इथे मला नेल्लोरची आठवण होते. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता मोहीम चालू होती. वाचनपाठात दारूपायी होरपळलेल्या एका बाईची गोष्ट होती. पुस्तक सरकारचं, वर्गही सरकारच्या मोहिमेतला. पण दुबगुंटा गावच्या बायका ती गोष्ट एकत्र बसून वाचत होत्या. वाचता वाचता त्या म्हणाल्या, ही तर आपलीच गोष्ट, आणि १९९२ साली उठून त्यांनी गावचं दारूचं दुकान बंद पाडलं. ते जिल्हाभर, मग राज्यभर पसरलं, १९९३ मध्ये तिथे अरक या गावठी दारूवर बंदी आली. सरकारचाच संदेश होता, पण बायका रात्री एका कंदिलाभोवती बसलेल्या होत्या. फोनवरचा संदेश प्रत्येकीला एकटीला गाठतो. ती एकटीच घाबरते, एकटीच रांगेत जाते, एकटीच शंभर रुपये देते.

म्हणून आमच्या गटाने एक केलं आहे. शासनाची कोणतीही पोस्ट आली की ती फोनवरून पुढे ढकलायची नाही. ती हाताने मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवायची, तारीख घालायची, आणि बैठकीत वाचायची. वाचल्यावर तीन गोष्टी विचारायच्या. याचा शासननिर्णय आहे का? यात आपल्यातली कोण बसत नाही? आणि दाद कुणाकडे? दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागतो, कारण तोंड उघडायला वेळ लागतो. आमच्या त्या बाईचा ओटीपीचा निरोप तिसऱ्या बैठकीत बाहेर आला. पहिल्या दोन बैठकींत ती नुसती बसून होती.

अंगणवाडीच्या ताईंना आपल्यापासून वेगळं धरू नका. २०२४ मध्ये अर्ज भरून घ्यायचं काम त्यांच्यावर आलं, एका अर्जामागे ५० रुपये द्यायचे ठरले, आणि गावाचा राग निघाला तोही त्यांच्यावरच. सरकारच्या पडद्यामागे हाडामांसाची बाई उभी असते ती हीच. याच ताईंनी २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते, फोन जुनाट, अॅप इंग्रजीत, भरायचं कसं म्हणून. शासनाशी संवाद म्हणाल तर मला तो ठळक वाटतो. फोनवर काही न लिहिता त्यांनी फोनच टेबलावर ठेवला.

कायद्याची दोन हत्यारं आपल्या हाताशी आहेत, ती वापरात आणा. माहितीचा अधिकार २००५, कलम ४. त्यातल्या पहिल्या पोटकलमाचा 'घ' खंड म्हणतो, की प्रशासकीय निर्णय घेतला तर त्याची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची. हप्ता थांबवणं हा प्रशासकीय निर्णय आहे. त्याच कलमाचं चौथं पोटकलम म्हणतं, की माहिती देताना स्थानिक भाषा, खर्च आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी संपर्काची पद्धत लक्षात घ्यायची. आमच्या डोंगराळ भागात ती पद्धत एक्स आहे असं कुठल्या अधिकाऱ्याने लिहून द्यावं, मी वाट बघते आहे. दुसरं म्हणजे महिला ग्रामसभा. आपल्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची सभा व्हायलाच हवी. पुष्कळ गावांत ती वहीतच होते. ती खरी भरवा, आणि तिथे ठराव करा, की ग्रामसेवकाने व सेविकेने मिळून गावातल्या टाकलेल्या बाईचं पंचनाम्यासारखं लेखी म्हणणं घ्यावं आणि तेच कागद म्हणून धरावं. शासन ते लगेच मान्य करील असं नाही. पण ठरावाला क्रमांक पडतो, तो वर जातो, आणि वरच्याला त्यावर काहीतरी लिहावं लागतं.

आमच्या तालुक्यात आम्ही अकरा बायकांच्या नावे माहितीचे अकरा अर्ज टाकले. माझा हप्ता कोणत्या तारखेपासून, कोणत्या कारणाने थांबला, आणि तो निर्णय कुणाच्या सहीने झाला, एवढंच विचारलं. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही. उत्तरं तीस दिवसांत यायला हवी होती. चार आली. त्यातली तीन 'संकेतस्थळ पाहावे' अशी आहेत, चौथ्यात कारण दिलं आहे आणि ते चुकीचं आहे, कारण त्या बाईच्या घरी चारचाकी तर सोडा, सायकलही नाही. राहिलेल्या सातांवर आणि या चारांवर मिळून पहिलं अपील केलं आहे. अर्जाचा आणि अपिलाचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. तालुक्याचं नाव बदला, आणि अर्जदार म्हणून संघटनेचं नाव घालू नका, त्या त्या बाईचं घाला. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.